एका अक्षराला एक दाब

संगणकाच्या एका कळीवरून माझी आणि बाबांची जेवढी भांडणं झाली तेवढी माझ्या लग्नावरूनही झाली नाहीत, आणि लग्नावरून काही थोडी झाली नव्हती. ती कळ म्हणजे एफ थ्री. आजच्या मुलांना ती कशासाठी होती हे सांगूनही पटत नाही, म्हणून आधी तेवढं सांगून टाकते.

तेव्हाच्या संगणकावर चित्रं नव्हती, इकडून तिकडे पळणारा बाण नव्हता. काळा पडदा आणि त्यावर लुकलुकणारी एक बारीक रेघ. जे काम हवं असेल त्याचा हुकूम अक्षर न अक्षर टाइप करायचा, एंटर दाबायचं, मग ते यंत्र हलायचं. एक ठिपका इकडचा तिकडे झाला तरी हुकूम नामंजूर. तोच हुकूम पुन्हा द्यायचा असला तर मात्र एफ थ्री दाबायची. आधीची सगळीच्या सगळी ओळ समोर येऊन उभी राहायची. ज्यानं कोणी ही सोय करून ठेवली त्याचे मी मनातल्या मनात पाय धरत असे. बाबांच्या मते त्या माणसाला परीक्षेच्या हॉलमधून कान धरून बाहेर काढायला हवं होतं.

बाबांची बुऱ्हाणपुरात, शनवारा भागात, टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. खाली कापडाचं दुकान, वर आमची हिंदी-इंग्रजी मशिनं. मागच्या गल्लीतल्या पॉवरलूमची खटखट आणि आमची खटखट दिवसभर एकमेकींत मिसळलेली असायची. गावातल्या कुठल्याही कचेरीत जा, बाबांच्या हाताखालून गेलेला एखादा तरी बाबू उठून उभा राहायचा आणि ‘मास्साब’ म्हणून खुर्ची पुढे करायचा. बाबांना ते फार आवडायचं, आणि आवडत नाही असं दाखवायलाही फार आवडायचं.

त्यांचे नियम साऱ्या गावाला पाठ होते. एक अक्षर चुकलं की कागद बाहेर, नवा कागद, पुन्हा पहिल्या ओळीपासून. खोडरबर दिसलं तर खिडकीतून खाली जाई. प्रत्येक कळीचं बोट ठरलेलं. डाव्या हाताची कळ उजव्या हातानं दाबणं म्हणजे शेजाऱ्याच्या ताटात हात घालणं. आणि रोजचा पाठ, म्हणजे टाइप करायचा उतारा, त्यांच्या हातून विद्यार्थ्याच्या हातात. टेबलावरून कोणी आपलं आपण उचललेलं त्यांना चालत नसे. घेणाऱ्यानं समोर उभं राहायचं, देणाऱ्यानं त्याच्याकडे बघायचं, मग कागद द्यायचा.

अशा माणसाला लकवा झाला, आणि झाला तो डाव्या अंगाला. पाय काठीच्या आधारानं चालू लागला. हात नाही. जळगावचे डॉक्टर म्हणाले की बोटं मिटतील, पण उघडायला फार वेळ लागेल. दाबणं सोपं, उचलणं अवघड. रोज हलवत राहिलात तर काहीतरी परत येईल, नुसते बसलात तर येणार नाही. त्यांनी एक रबरी चेंडू दिला. बाबांनी तो घरी येताच कपाटावर टाकला, मी काय पाळण्यातलं पोर आहे का म्हणाले. जसोंडीहून आत्या तेलाची बाटली घेऊन आली, तेही नको. आई रोज सकाळी तो हात मांडीवर घेऊन बोटं एकेक करून उघडायची, आणि बाबा भिंतीकडे तोंड करून बसायचे.

टायपिंग शिकलेल्यांना सांगायला नको, पहिला धडाच डाव्या हाताचा असतो. ए, एस, डी, एफ. बाबांनी पोरांच्या पिढ्यान्‌पिढ्यांना त्या चार अक्षरांवर बसवलं होतं आणि आता त्यांचाच डावा हात तिथे पोचत नव्हता. इन्स्टिट्यूटला कुलूप लागलं. बुधवारा भागातल्या आमच्या घरी ते दिवसभर ओट्यावर बसत आणि कोणी जुना विद्यार्थी दिसला की आत उठून येत. मी त्यांना आयुष्यात कधी कोणापासून तोंड लपवताना पाहिलं नव्हतं. आईला आणि मला भीती एकच होती, हा माणूस आता असाच बसून राहील.

मी तेव्हा इंदूरला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. ती नोकरी सोडली आणि तिथले जुने, कोणाला नको झालेले संगणक आणून बंद इन्स्टिट्यूटमध्ये मांडले. टायपिंगला तशीही पोरं यायची कमी झाली होती. गावात दुसरा कॉम्प्युटर क्लास सुरू होऊन सगळी तिकडे पळत होती. माझा हिशोब सरळ होता. मी शिकवीन, बाबा त्यांच्या खुर्चीत बसतील, चार माणसं ‘मास्साब’ म्हणतील, आणि हाताचं काय व्हायचं ते हळूहळू होईल. बाबांना माझा हिशोब कधी पटला आहे?

झालं असं की पुढच्या टेबलावरच्या संगणकाला फ्लॉपीच्या दोन खाचा होत्या. वरच्या खाचेत पाठाची फ्लॉपी, खालच्या खाचेत विद्यार्थ्याची. कॉपीचा हुकूम दिला की पाठ वरून खाली उतरायचा. मग विद्यार्थी आपली फ्लॉपी घेऊन मागच्या संगणकावर बसणार. मी म्हणाले, सगळ्यांच्या फ्लॉप्या मी सकाळीच भरून ठेवते. बाबा म्हणाले, पाठ हातातून हातात जाईल. मी म्हणाले, कागद नाही बाबा, फ्लॉपी आहे. ते म्हणाले, मला दिसतंय काय आहे ते. आणि काठी टेकत जाऊन त्या टेबलाशी बसले.

ते पुन्हा खुर्चीत बसले याचा आनंद मला पहिला पाठ वाटला जाईपर्यंत टिकला. समोर विद्यार्थ्यांची रांग. प्रत्येकासाठी हुकूम तोच, एका अक्षराचा फरक नाही. आणि बाबा प्रत्येकासाठी तो नव्यानं टाइप करत होते, एकट्या उजव्या हातानं, तर्जनीनं. दहा बोटांनी न बघता टाइप करणारा माणूस एका बोटानं अक्षरं शोधत होता. अर्ध्यात चूक झाली की बॅकस्पेसनं एक अक्षर मागे जाऊन दुरुस्त करावं ना? ते खोडरबर झालं. म्हणून एस्केप दाबून पूर्ण ओळ रद्द, आणि पुन्हा पहिल्यापासून. रांगेतल्या पोरांचा एक पाय दुखला की ती दुसऱ्या पायावर उभी राहत. कोणीतरी मागून हळूच म्हणालं, “मास्साब, दीदी से करवा लो ना.” बाबांचे कान लाल झाले, आणि त्या रागात पुढची ओळही चुकली.

घरी परतताना रिक्षातच मी त्यांना एफ थ्री समजावली. एक कळ दाबा, अख्खी ओळ हजर. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “ती ओळ तू टाइप केली का?”

मी म्हणाले, आधी एकदा केलेलीच आहे ना.

“आधीच्या पोरासाठी केली. या पोरासाठी काय केलं? बोट न हलवता लिहिलेलं चोरीचं असतं.”

मी कपाळावर हात मारून घेतला. रिक्षावाला पण त्यांचाच जुना विद्यार्थी निघाला. त्यानं मागे वळून मान डोलावली आणि मास्साब बरोबर बोलत आहेत असं मला सांगितलं.

त्यानंतर रोज तेच. मी समजावलं, रागावले, अबोला धरला, इंग्रजी पुस्तक समोर ठेवलं, ज्यात छापून आलं होतं की ही सोय वापरण्यासाठीच दिलेली आहे. बाबांनी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. दोन-तीन पोरं त्या दुसऱ्या क्लासला निघून गेली, आणि का गेली ते मला सगळ्यांनी सांगितलं. मला खरंच वाटायचं की एखाद्या दिवशी मी तो कीबोर्ड उचलून खिडकीतून खाली टाकीन आणि कापडाच्या दुकानदाराची माफी मागीन.

एका दुपारी माझा तोल सुटला. मी त्यांच्या शेजारी स्टूल ओढलं आणि कीबोर्डवरच्या त्या सगळ्या कळा एका दमात सांगून टाकल्या. आमचा कीबोर्ड जुन्या पद्धतीचा होता. या एफवाल्या कळा आजच्यासारख्या वर नव्हत्या, डाव्या कडेला दोन उभ्या ओळींत होत्या. सगळ्यात वर एफ वन आणि एफ टू, त्यांच्याखाली एफ थ्री, एफ फोर, अशा खालपर्यंत. मी म्हणाले, ही थ्री अख्खी ओळ आणते. ही टू मधल्या एखाद्या अक्षरापर्यंत आणते. आणि ही वन तर अगदीच बिनकामाची, एकदा दाबली की आधीच्या ओळीतलं एकच अक्षर आणते, पुन्हा दाबली की पुढचं एक, कोणाला एवढा वेळ आहे?

बाबांनी चष्मा वर सरकवला. “पुन्हा सांग.”

मी पुन्हा सांगितलं. त्यांनी उजवं बोट लांब नेऊन एफ वन दाबली. एक अक्षर आलं. पुन्हा दाबली, दुसरं आलं. अशी पूर्ण ओळ त्यांनी एकेक अक्षर करून उतरवली आणि समाधानानं मागे टेकले.

“एका अक्षराले एक दाब. हे इमानदारीचं काम आहे.”

मला हसावं की रडावं कळेना. संपूर्ण यंत्रात जी सगळ्यात संथ, सगळ्यात निरुपयोगी कळ होती ती त्यांना पसंत पडली. मी म्हटलं, चला, निदान चुका तरी थांबतील, रांग थोडी पुढे सरकेल. पण दुसऱ्या दिवशी बाबांना आठवलं की एफ वन कीबोर्डच्या पार डाव्या टोकाला आहे. म्हणजे डाव्या करंगळीची. आजवर डाव्या हाताची अक्षरं उजव्यानं दाबावी लागत होती हे त्यांना आतून खातच होतं. आता कामाला एकच कळ उरली होती, आणि तीही डावी. ती उजव्यानं दाबायला ते तयार होईनात.

त्यांनी उजव्या हातानं डावा हात उचलला आणि कीबोर्डच्या कडेला आणून ठेवला. एखादी पिशवी ठेवावी तसा तो हात तिथे पडला. करंगळी एफ वनवर टेकवली, खांद्यातून जोर दिला, आणि कळ दाबली गेली.

दाबली गेली, पण उठेना. डॉक्टर म्हणाले होते तसंच, बोट मिटायला तयार, उघडायला नाही. कळ दाबून ठेवली की संगणक तीच कळ पुन्हा पुन्हा दाबल्याचं धरून चालतो, तेव्हा अक्षरांमागून अक्षरं येत अख्खी ओळ एका दमात पुढे सांडली. म्हणजे व्हायचं ते एफ थ्रीचंच काम झालं. मी म्हणाले, झाली ना ओळ, मारा एंटर. बाबांनी उजव्या हातानं ते बोट कळीवरून सोडवलं, एस्केप दाबून ओळ रद्द केली आणि म्हणाले, पुन्हा.

किती दिवस हे चाललं ते सांगत बसत नाही. रोज दुपारी रांग उभी, पुढे हातात फ्लॉपी धरलेलं कोणीतरी, आणि बाबा घामाघूम होऊन करंगळी कळीवरून वर उचलायला बघताहेत. दोन अक्षरं नीट येत, तिसऱ्याला बोट अडकून ओळ सांडे. एस्केप. पुन्हा. मी मागच्या संगणकांमधून फिरताना दात-ओठ खात असे. पोरं आता कुरकुर करायची थांबली होती, उलट तोंडातल्या तोंडात अक्षरं मोजत होती, आणि मला त्याचाही राग येई. घरी चेंडू कपाटावर धूळ खात पडला होता. आईनं बोटं उघडायला हात मांडीवर घेतला की ते म्हणत, सोड, दुपारी काम आहे त्याला.

एक दिवस वीज सारखी ये-जा करत होती. वीज गेली की सगळं पुसलं जाणार, संगणक पुन्हा सुरू करा, पाठाची फ्लॉपी पुन्हा घाला, ओळ पुन्हा पहिल्यांदा टाइप करा. रांग जिन्यापर्यंत गेलेली. बाबांची ओळ निम्म्यावर आली होती, पाठाच्या नावातल्या ठिपक्याच्या अलीकडे. पुढच्या मुलीची फ्लॉपी खाचेत नीट बसत नव्हती म्हणून त्यांचा उजवा हात खाली फ्लॉपीच्या खटक्याशी गुंतलेला होता. वरचा पंखा हळू झाला, दिवा मिणमिणला. मला राहवलं नाही. मी त्यांच्या खांद्यावरून वाकून एफ थ्री दाबली. उरलेली ओळ फटकन आली. एंटरकडे माझं बोट वळलं.

त्याच्या आधी ओळीच्या शेवटी एक तिरपी रेघ उमटली आणि लुकलुकणारी रेघ खालच्या रिकाम्या ओळीवर गेली. ओळ रद्द झाली होती. कोणीतरी एस्केप दाबली होती. मी बघितलं तर बाबांचा उजवा हात अजून खटक्यावरच होता. डावा हात एफ वनवरून उचलला गेला होता, एफ टू ओलांडून शेजारच्या एस्केपवर गेला होता. तो खांद्यातून ढकलला नव्हता. मनगट वर होतं, बोटं उघडी होती.

बाबा माझ्याकडे रागानं बघत होते. “पुन्हा पहिल्यापासून,” ते म्हणाले. हात कुठे गेला हे त्यांच्या गावीही नव्हतं, निदान मला तसं वाटलं. मी मागच्या भिंतीशी जाऊन उभी राहिले आणि पोरांकडे पाठ करून ओढणीनं डोळे पुसले. वीज नंतर गेलीच, आणि त्या दिवशी निम्म्या पोरांना पाठ मिळाला नाही.

घरी स्वयंपाकघरात आईला सांगितलं. ती कणीक मळत होती. तिनं हात थांबवून मला दोनदा विचारलं की नक्की डावाच ना. मग डोळे पालथ्या मनगटानं पुसले आणि पुन्हा कणकेला लागली.

“मग उद्या बी दाब,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी दाबली. बाबांचा उजवा हात कुठेतरी गुंतलेला असेल असा मोका बघून, ओळ निम्म्यावर आली की वाकायचं आणि एफ थ्री. डावा हात उचलून एस्केपवर. “पुन्हा पहिल्यापासून.” मग मी मुद्दाम काही ना काही त्यांच्या उजव्या हातात द्यायला लागले, कधी चहाचा कप, कधी विद्यार्थ्यांच्या फ्लॉप्यांची चळत. बाबा मला रोज शिव्या द्यायचे. ही पोरगी इंदूरला जाऊन बिघडली, हिला दुसऱ्याचं काम पुरं होऊ द्यायचा धीर नाही. पोरांना वाटायचं की दीदीच हट्टी आहे, आणि एक-दोघी मला बाजूला घेऊन समजावूनही गेल्या की मास्साब आजारी आहेत, त्यांना त्रास देऊ नका. मी ऐकून घेतलं. आजवर त्यांचा हट्ट मला छळत होता, आता मी पगार नसलेली नोकरी धरल्यासारखी रोज त्यांना छळत होते, आणि ओळ काही लवकर पुरी होत नव्हतीच.

पण करंगळी उठायला लागली. आधी निम्म्या ओळीपर्यंत, मग ठिपक्याच्या पुढे. मग एखाद्या दिवशी एकही अक्षर न सांडता शेवटपर्यंत. मशिनवर दोन्ही हात ठेवून ते पुन्हा कधी बसले नाहीत, खोटं कशाला सांगू. मात्र ओट्यावर बसून तोंड लपवणंही पुन्हा कधी झालं नाही.

थंडीत एक दिवस त्यांना खोकला झाला होता. चेहरा उतरलेला, आवाज बसलेला. मला त्यांना चिडवणं जिवावर आलं. म्हटलं, आज राहू दे. मी शेजारी नुसती उभी राहिले आणि ओळ बघत राहिले. करंगळी उठत होती, टेकत होती, एकेक अक्षर येत होतं. निम्मी ओळ झाली. पुढे ठिपका आला, मग शेवटची अक्षरं. पूर्ण ओळ बिनचूक पडद्यावर उभी राहिली. समोरचा मुलगा फ्लॉपी घ्यायला हात पुढे करून थांबला होता.

बाबा एंटर दाबेनात. उजवा हात त्यांनी आपण होऊनच मांडीवर ठेवला होता. डावा कळांच्या वर, थोडासा उचललेला. ते माझ्याकडे न बघता बसलेल्या आवाजात म्हणाले, “थांबली कायले? दाब ना तुझी ती चोरीची कळ. हा हात कवाचा वाट पाहून राहिला.”